पी.टी.चे कपडे : खरेदी, निगा आणि विल्हेवाट

महाराष्ट्रात मूल चौथी पास झाले की पुष्कळ गावांत आणि शहरांत त्याची शाळा बदलते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने पाचवीला प्राथमिकच्या रांगेत बसवले असले, तरी इथल्या कितीतरी हायस्कुलांचा दरवाजा अजून पाचवीलाच उघडतो. प्राथमिक शाळेत एकच बाई दिवसभर वर्गावर असतात, खेळाचा तास त्यांना वाटेल तेव्हा होतो आणि मूल ज्या कपड्यांत पाढे म्हणते त्याच कपड्यांत लंगडी घालते. हायस्कुलात दर अर्ध्या-पाऊण तासाला घंटा होते, घंटेगणिक नवे शिक्षक येतात आणि वेळापत्रकात पी.टी. नावाचा विषय दिसू लागतो. त्याला वेगळे सर असतात, वेगळी शिट्टी असते आणि वेगळे कपडेही असतात. या कपड्यांचा प्रश्न पाचवीच्या पहिल्या आठवड्यात सुरू होतो आणि दहावीच्या निरोप समारंभापर्यंत टिकतो. मधल्या काळात मुलाची भाषा, आवाज आणि आवडते शिक्षक बदलतात, प्रश्न बदलत नाही.

किटमध्ये साधारणपणे पांढरी किंवा निळी ट्रॅक पँट, हाउसचा टी-शर्ट, पांढरे मोजे आणि पांढरे कॅनव्हासचे बूट एवढेच असते. शनिवारी सगळाच गणवेश पांढरा, ही काही शाळांची जादा अट. हाउस बहुधा चार असतात, लाल, निळे, हिरवे आणि पिवळे, आणि त्यांना नद्यांची, किल्ल्यांची किंवा थोर पुरुषांची नावे दिलेली असतात. मूल कोणत्या हाउसात गेले हे जुलैत कळते आणि टी-शर्ट जूनमध्येच घ्या अशी सूचना असते. त्यामुळे पहिल्या वर्षीचा टी-शर्ट अंदाजाने घेतला जातो, आणि मूल निघते हिरव्या हाउसचे, तेही टी-शर्ट एकदा धुऊन झाल्यावर, म्हणजे दुकानदार तो परत घेणार नाही अशा मुहूर्तावर.

बुटांचा मुहूर्त याहून कठीण. शाळा १५ जूनच्या आसपास सुरू होतात आणि हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मोसमी पाऊस ११ जूनच्या सुमारास पोहोचतो. म्हणजे पांढऱ्या कापडी बुटांची नवी जोडी आणि वर्षातला पहिला चिखल एकाच आठवड्यात घरात येतात. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पण तोवर पाऊस तिथेही पोहोचलेला असतो. शाळांनी हा रंग कोणत्या ऋतूकडे पाहून ठरवला, याचा खुलासा कोणत्याही माहितीपत्रकात नसतो.

खरेदीत घरातल्या सर्वांचे एकमत असलेला नियम एकच : वाढत्या अंगाचे घ्या. ट्रॅक पँट दोन वर्षे पुरावी या हिशेबाने घेतली जाते आणि खालून तीन-चार बोटे दुमडून टीप मारली जाते. दरवर्षी एक टीप उसवायची. सहावी-सातवीपर्यंत पँटच्या तळाशी जुन्या टिपांच्या फिक्या-गडद रेघा उमटतात आणि झाडाच्या खोडावरून वय सांगावे तशी त्यावरून मुलाची इयत्ता सांगता येते. बुटांना मात्र ही युक्ती लावू नये. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असली की पुरे. तरीही बूट दोन नंबर मोठे घेऊन पुढे कापसाचा बोळा भरण्याची पद्धत अजून आहे. मूल धावताना बूट आणि पाय वेगवेगळ्या वेळी जमिनीला लागतात, आणि घरचे म्हणतात, याला धावायची आवडच नाही.

बुटांच्या दुकानात आजोबा बरोबर असले तर १९४८ चे लंडन ऑलिंपिक निघतेच. त्या स्पर्धेत भारताचे बरेच फुटबॉलपटू अनवाणी खेळले होते, हे खरे आहे. फ्रान्सविरुद्धचा तो सामना आपण २-१ असा हरलो, हेही खरे आहे, पण आजोबा इथपर्यंत येण्याआधी नातू वेल्क्रोचे बूट पायात घालून आरशासमोर उभा राहिलेला असतो. वेल्क्रोने एक पिढी सुखी केली आणि तिचे एक शिक्षण बुडवले. दहा वर्षांच्या मुलाला मोबाइलचा पासवर्ड बदलता येतो, नाडी बांधता येत नाही. नवी शाळा लेसचेच बूट मागत असेल तर मेच्या सुट्टीत रोज एकदा, घरच्या पायरीवर बसून, दोन्ही पायांची गाठ त्याने स्वतः मारावी. मैदानावर साठ मुले आणि एक सर असतात. सर वाकून कोणाकोणाच्या लेस बांधणार?

ट्रॅक पँटच्या नाडीचे शास्त्र निराळे. ती पहिल्या धुण्यात एका बाजूने नेफ्यात शिरते आणि नेमकी पी.टी.च्या दिवशी सकाळी ते लक्षात येते. टोकाला सेफ्टी पिन अडकवून ती पिन नेफ्यातून चाचपत पुढे सरकवली की नाडी दुसऱ्या भोकातून बाहेर येते. ही विद्या घरात आजीकडे असते. बाबा बॉलपेनच्या रिफिलने प्रयत्न करतात आणि मग नेफ्यात नाडीही असते आणि रिफिलही. कायमचा उपाय म्हणजे कपडा नवा असतानाच नाडीच्या मध्यावर, पाठीमागे, चार टाके घालून टाकणे. याला दोन मिनिटे लागतात, म्हणूनच ते कोणी करत नाही.

यानंतर नाव घालण्याचे काम येते. पूर्वी परीट कपड्यांवर खुणा करायला बिब्बा वापरत. त्याच्या रसाचा काळा डाग धुण्याने जात नसे, आणि तो रस अंगाला लागला तर कातडीवर फोड येत, म्हणून हे काम जाणत्यानेच करायचे. त्या मानाने आजचे मार्कर पेन निरुपद्रवी आहे, कातडीलाही आणि कापडालाही. गणपतीपर्यंत त्याने लिहिलेले नाव जांभळे होते आणि दिवाळीपर्यंत तिथे कोणीतरी काहीतरी लिहिले होते एवढेच समजते. शिंप्याकडून विणलेली पट्टी शिवून घेणे किंवा घरी दोऱ्याने नाव भरणे हे टिकाऊ मार्ग. भरतकाम आजीने केले तर नावाची सुरुवात ‘चि.’पासून होते, पुढे वडिलांचे नाव आणि आडनाव असते, आणि हा मजकूर कॉलरच्या आत न बसल्याने छातीवर येतो. मूल तो टी-शर्ट दोनदा घालते आणि तिसऱ्यांदा तो हरवतो. हरवलेली ही एकमेव वस्तू नाव असल्यामुळे हमखास परत येते.

नाव कुठे घालावे यालाही थोडा विचार लागतो. टी-शर्टला मानेच्या आतल्या बाजूला, पँटला नेफ्याच्या आत आणि बुटांना जिभेवर. दोन्ही बुटांवर घालायचे, कारण शाळेत बूट जोडीने हरवत नाहीत. फक्त पहिले नाव पुरत नाही. एकेका वर्गात तीन आरव आणि दोन आर्या असतात. हजेरी क्रमांक सोयीचा वाटतो, पण तो तुकडीबरोबर दरवर्षी बदलतो आणि मग जुन्या टी-शर्टवर सतरा नंबर असलेले मूल नव्या सतरा नंबराशी भांडते. नाव आणि आडनाव, दोन्ही लहान अक्षरांत, एवढे पुरे.

कपडे आले, नावे पडली. आता ते कोणत्या दिवशी न्यायचे हा प्रश्न उरतो, आणि घरातली खरी ओढाताण इथे होते. पी.टी.चे तास आठवड्यातून दोनदा-तीनदा असतात. त्याचे वेळापत्रक मुलाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहिलेले असते आणि ती वही शाळेत असते. ‘उद्या पी.टी. आहे’ ही बातमी घरात दोनच वेळांना येते : रात्री दिवे मालवल्यावर किंवा सकाळी रिक्षावाल्या काकांनी हॉर्न वाजवल्यावर. मग वर्गाच्या पालकांच्या ग्रुपवर विचारणा होते : उद्या पांढरा की टी-शर्ट? त्याखाली चार जणी ‘माझाही हाच प्रश्न’ असे लिहितात, एक गृहस्थ गुलाबाच्या चित्रासह शुभ रात्री म्हणतात, कोणीतरी मागच्या वर्षीचे वेळापत्रक टाकते, आणि सर्वजण इस्त्री करून झोपल्यावर कोणाचा तरी बाबा कळवतो की उद्या सुट्टी आहे.

यावर वेळापत्रकाची प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवणे हा उपाय सांगितला जातो. उपाय चांगला आहे. ही प्रत मात्र मुलाने स्वतः लिहिलेली असावी. आईने चार रंगांच्या पेनांनी काढलेला तक्ता फक्त आई वाचते. शाळा प्रत्यक्षात त्या वेळापत्रकाप्रमाणे चालत नाही, हा भाग निराळा. पावसात पी.टी.चा तास वर्गातच होतो, म्हणजे हाताची घडी घालून बसायचे आणि सरांनी सांगितलेले कबड्डीचे नियम वहीत उतरवायचे. परीक्षा जवळ आली की तो तास गणिताच्या बाई मागून घेतात. पाचवीतल्या किटचा घर ते शाळा हा प्रवास मैदानावरच्या धावण्यापेक्षा कितीतरी जास्त भरतो.

किट कशातून न्यायचे याबद्दल शाळा गप्प असते. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपर्यंतच असावे, आणि सहावी-सातवीसाठी दोन ते तीन किलोची मर्यादा सांगितली आहे. महाराष्ट्राने २०१५ मध्येच दहा टक्क्यांचा आदेश काढला होता. घरोघर या नियमाचा अर्थ असा लावला गेला की पाठीवर असेल ते दप्तर आणि हातात असेल ती पिशवी, आणि पिशवीला मर्यादा नाही. ही पिशवी बहुधा साडीच्या दुकानातली किंवा कोणाच्या तरी लग्नात मिळालेली असते. पाचवीतला मुलगा ‘शुभविवाह’ अशी अक्षरे असलेली पिशवी घेऊन पहिल्यांदा वर्गात शिरतो, आणि दुसऱ्या वेळेपासून किट घरी विसरू लागतो. विसरण्याची कारणे शोधताना पालकांनी पिशवीकडेही एकदा पाहावे. नाडी ओढून बंद होणारी साधी, गडद रंगाची पिशवी घ्यावी, तिला दाराजवळ एक खुंटी द्यावी, आणि धुतलेले कपडे कपाटात न ठेवता थेट तिच्यातच जावेत. कपडे कपाटात गेले की ते पी.टी.चे राहत नाहीत, रविवारी क्रिकेट खेळायला वापरले जातात.

कपडे बदलण्याची खोली बहुतेक शाळांत नसते. म्हणून पिशवी असली तरी त्या दिवशी मूल पुष्कळदा घरूनच किट घालून निघते आणि दिवसभर त्यातच वावरते. परिणामी टी-शर्टवर मैदानाच्या आधी डब्याच्या खुणा पडतात. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालभडक होतो, कारण हळदीतला रंग क्षारात लाल पडतो. आया घाबरतात आणि आणखी साबण लावतात. त्या डागाला खरा उतारा ऊन आहे. हळदीचा रंग उन्हात उडतो. जुलैत महाराष्ट्रात ऊन नसते, एवढीच अडचण.

मातीच्या डागांना भूगोल आहे. देशावरची काळी माती बुटाच्या तळाला थरावर थर चिकटते आणि मूल घरी येते तेव्हा सकाळपेक्षा उंच झालेले असते. ही माती वाळू द्यावी. ती खपली होऊन आपोआप सुटते, उरलेली ब्रशने जाते. ओली असताना घासली तर कापडात मुरते. कोकणातली जांभ्याची तांबडी माती वजनाने काहीच नसते, पण तिचा रंग पांढऱ्या मोज्यांवर कायमचा बसतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आणि गोव्यातल्या शाळांनी पांढरे मोजे का ठेवावेत हे कळत नाही. तिथे ऑगस्टमध्ये सर्वांचेच मोजे वीटकरी असतात, आणि एखाद्याचे पांढरे दिसले तर तो तासाला गैरहजर होता असे समजावे.

पांढऱ्या कपड्यांना नीळ देण्याची पद्धत अजून आहे. थेंब मोजून घालायचे असतात. बाबांनी घातली तर पांढरा गणवेश निळ्या हाउसात जातो. कॅनव्हासचे बूट मात्र नीट धुतले तर वर्षभर पांढरे राहू शकतात. लेस आणि आतली पट्टी काढायची, जुन्या टूथब्रशने घासायचे, आणि पाणी स्वच्छ येईपर्यंत खळबळायचे. साबण राहिला तर वाळल्यावर कडांना पिवळे डाग धरतात. त्यानंतर आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबायचे आणि ते ओले झाले की बदलायचे. वाळत ठेवण्याच्या जागा घरोघर ठरलेल्या असतात : पंख्याखाली, फ्रिजच्या मागच्या गरम हवेत, देवघराच्या वरच्या कप्प्यात, जिथून ते आजी लगेच उचलते. मोजे इस्त्रीने वाळवता येतात. बूट इस्त्रीने वाळवू नयेत. हे लिहावे लागते आहे, कारण हा प्रयोग झालेला आहे. सकाळी बूट अर्धवट वाळलेले असतील तर पांढरे पॉलिश, आणि तेही नसेल तर फळ्याचा खडू. खडूने पांढरे केलेले बूट प्रार्थनेच्या रांगेतली तपासणी पार करतात, मैदानाची पहिली फेरी पार करत नाहीत.

हरवणे हा या विषयाचा सर्वांत मोठा भाग, पण त्यावर सांगण्यासारखे थोडे आहे. ‘शेवटचे कुठे काढलेस?’ या प्रश्नाला ‘माहीत नाही’ हेच उत्तर महाराष्ट्रभर मिळते. शाळेत शिपाईमामांच्या ताब्यात एक खोके असते. त्यात डाव्या पायाचे मोजे, झाकण नसलेल्या बाटल्या, एक रेनकोट आणि आपल्या मुलाच्या वस्तूंखेरीज सर्व काही सापडते. दोन मुले एकमेकांचे बूट घालून घरी जाण्याचे प्रकारही होतात. एकाचा नंबर दोन आणि दुसऱ्याचा चार असला तरी ते दोघांच्याही लक्षात येत नाही, कारण दोघांचेही बूट वाढत्या अंगाचे असतात.

किट न आणणाऱ्याला पी.टी.चे सर मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. त्यामुळे वर्गात सर्वाधिक व्यायाम किट विसरणाऱ्याला घडतो. ही शिक्षा टळावी म्हणून आया साडेदहा वाजता शाळेच्या फाटकाशी पिशवी घेऊन उभ्या असतात. एकदा असे केले की मूल निर्धास्त होते आणि फाटकावरचा वॉचमन आईला नावाने ओळखू लागतो. घरात पिशवी कोणी भरायची याचा क्रम पहिल्या सत्रात आई भरेल आणि मूल पाहील, दुसऱ्या सत्रात मूल भरेल आणि आई पाहील असा असावा. पहिला भाग सर्वत्र यशस्वी होतो. दुसऱ्या भागात मूल भरते, आई पाहते, आणि मूल झोपल्यावर आई पुन्हा भरते. विसरलेले किट शाळेत पोहोचवायचे नाही एवढा एक नियम पाळला तर बाकीचे नियम पाळावे लागत नाहीत. दोन फेऱ्यांनंतर मुलाला वेळापत्रक पाठ होते. पण आईला मैदानाच्या त्या दोन फेऱ्या घरी बसून काढाव्या लागतात, आणि ते फार थोड्यांना जमते.

सहावीपासून मूल एखादा खेळ निवडते आणि खर्चाचे कोष्टक बदलते. लंगडी, आट्यापाट्या, खो-खो आणि कबड्डी या खेळांनी महाराष्ट्रातल्या आयांवर फार उपकार केले आहेत. त्यांना माणसे लागतात, सामान लागत नाही. मल्लखांबाला सामान शाळेचे किंवा व्यायामशाळेचे असते, घरी फक्त तेल येते. खांबाला एरंडेल लावतात, ते मुलाच्या अंगावरून जांघियाला, जांघियावरून पिशवीला आणि पिशवीतून मराठीच्या पुस्तकाला लागते. ते पान पुढे वर्षभर पारदर्शक राहते आणि धडा दोन्ही बाजूंनी वाचता येतो.

क्रिकेटचे प्रकरण वेगळे आहे, कारण ते किट बाबा घेतात. बॅटी नंबराने मिळतात, एक ते सहा, मग हॅरो, मग शॉर्ट हँडल, आणि मुलाच्या उंचीला पाच नंबर योग्य असताना बाबा स्वतःच्या खांद्याला लावून हॅरो उचलतात. बॅट इंग्लिश विलोची असेल तर तिला जवसाचे तेल पाजावे लागते आणि लाकडी हातोडीने तासन् तास ठोकावी लागते. हे काम बाबा रात्री जेवणानंतर सुरू करतात आणि खालच्या मजल्यावरचे काका वर येईपर्यंत चालवतात. तेरा वर्षांखालच्या मुलांचा चेंडू मोठ्यांच्या १५६ ते १६३ ग्रॅमच्या चेंडूपेक्षा हलका, सुमारे १३३ ते १४४ ग्रॅमचा असतो, हे दुकानदाराला सहसा विचारावे लागते. मग पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, गार्ड आणि हे सारे मावेल अशी लांबलचक बॅग, जी खोलीत आडवी ठेवली की दार उघडत नाही.

१९८८ मध्ये आझाद मैदानावर हॅरिस शील्डच्या सामन्यात शारदाश्रमच्या तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची नाबाद भागीदारी केल्यापासून मुंबईच्या लोकलमध्ये या बॅगांची गर्दी कमी झालेली नाही. विरार-कल्याणहून सकाळच्या गाडीने अशी बॅग घेऊन चढणारा बारा वर्षांचा मुलगा डब्यात दोघांची जागा व्यापतो आणि चौघांचे बोलणे खातो. गर्दीतून बॅग न सोडता नेमक्या बाजूला उतरणे तो महिन्याभरात शिकतो. मैदानावर पोहोचल्यावर डाव्या हाताचा ग्लोव्ह घरी राहिल्याचे कळते. तो शेजाऱ्याचा वापरतो, आणि त्याची दुसऱ्या दिवशी शेजाऱ्याशी जी बोलाचाली होते ती घरापर्यंत येत नाही.

किटचे आयुष्य साधारण दीड वर्षाचे. त्यानंतर ते मामेभावाकडे जाते, पण मामेभाऊ पिवळ्या हाउसचा असतो, त्यामुळे टी-शर्ट तेवढा परत येतो. ट्रॅक पँट गुडघ्यावर फाटली की तिची अर्धी पँट होते. बूट रंगपंचमीसाठी माळ्यावर टाकले जातात. बाकीचे गाठोडे बोहारणीपुढे येते. ती प्रत्येक टी-शर्ट उजेडात धरून पाहते, मार्करची अक्षरे दाखवून भाव पाडते, आणि बऱ्याच घासाघिशीनंतर पाच वर्षांच्या पी.टी.च्या बदल्यात स्टीलचा एक मध्यम डबा देते. त्यावर भांड्यांच्या दुकानात मशीनने नाव घालून मिळते.